तिकीट काढून माहेरी

सध्या माझी नेमणूक कार पार्कमध्ये आहे. अंगात पिवळं जॅकेट, हातात वॉकीटॉकी, आणि चिखलात रुतलेल्या गाड्यांना "अजून थोडं डावीकडे" असं ओरडून सांगणं. मागच्या उन्हाळ्यापर्यंत मी आत होते. घरात, गालिच्यावर, छपराखाली. तिथून बाहेर कशी आले ते सांगायचं तर आधी त्या घराबद्दल सांगावं लागेल.

मिल्टन कीन्सहून निघालं की आधी राउंडअबाउट संपता संपत नाहीत. मग शेतं लागतात, मेंढ्या लागतात आणि मग ते घर येतं. घर म्हणायचं आपलं. खोल्या इतक्या, की त्यात जन्मलेल्या माणसांनीही काही खोल्या आयुष्यात पाहिल्या नसतील. आता तिथे कुणी राहत नाही. एक संस्था ते चालवते, लोक तिकीट काढून बघायला येतात, आणि आमच्यासारखी निवृत्त माणसं खोल्याखोल्यांतून उभी राहून त्यांना फुकट माहिती देतात.

मी भूलतज्ज्ञ होते. तीसेक वर्षं मी बोलायला लागले की समोरचा माणूस झोपत असे आणि त्याचा मला पगार मिळत असे. निवृत्तीनंतर गप्प बसणं जमेना. त्यात आम्ही दोघं एकदमच निवृत्त झालो. हे इंजिनियर. तिसऱ्या आठवड्यात यांनी माझ्या मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांना लेबलं लावली. हळदीला 'हळद', मोहरीला 'मोहरी'. चौथ्या आठवड्यात मी त्या घराचा अर्ज भरला.

मला मिळाली पहिल्या मजल्यावरची मॉर्निंग रूम, दर बुधवारी. सकाळचं ऊन येतं ती खोली. घरातल्या बायका तिथे बसून पत्रं लिहीत. मधोमध दोर बांधलेला. दोराच्या अलीकडे लोक, पलीकडे इतिहास. खुर्च्यांवर कुणी बसू नये म्हणून प्रत्येक खुर्चीवर पाइनचं एकेक वाळकं बोंड ठेवलेलं. 'बसू नका' असं तोंडावर सांगायला इंग्रज माणूस लाजतो, म्हणून तो टोचेल अशी व्यवस्था करतो. कोपऱ्याकोपऱ्यात किडे पकडायचे चिकट सापळे. हाऊस मॅनेजर बाई दर सोमवारी गुडघ्यावर बसून, भिंग लावून, सापळ्यातले किडे मोजत आणि वहीत लिहीत. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. कामाला वाघ, पण नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. बसलीच तर मोजायच्या.

त्यांनी मला एक फाइल दिली होती. घराचा आणि मालकांचा इतिहास. ती पाठ करायची आणि त्याबाहेर जायचं नाही, हा नियम. पाठ मी दोन दिवसांत केली. बाहेर न जाण्याचं मात्र जमलं नाही, कारण ती फाइल वाचून माझं डोकं फिरलं होतं.

पहिला मालक लोकरीचा व्यापारी. राजाला कधीतरी काहीतरी दिलं आणि सर झाला. मुलानं घर वाढवलं. नातवानं त्यातलं निम्मं जाळलं, पलंगावर पाइप ओढत झोपला होता. पुढच्यानं श्रीमंताची लेक केली आणि तिच्या बापाच्या पैशातून ते खांब, तो जिना, ती सगळी दर्शनी बाजू उभी राहिली. जिन्यावर चित्र मात्र याचं. एक हात कमरेवर, दुसरा कुत्र्यावर. फाइलमध्ये कुत्र्याचं नाव आहे, बायकोचं नाही.

त्याच्या मुलाला दिवाणखान्याच्या खिडकीतून गाव दिसायचं. त्याला ते आवडेना. म्हणून त्यानं गाव हलवलं. अख्खं. माणसं, कोंबड्या, दारूचा गुत्ता, सगळं टेकडीपलीकडे, आणि गावाच्या जागी तळं केलं. आमच्या गल्लीतला दिव्याचा एक खांब हलवावा म्हणून मी कौन्सिलला चार वर्षं पत्रं लिहितेय. तर या तळ्याचा ओलावा पुढच्या मालकाला बाधला आणि तो कायमचा इटलीला निघून गेला. त्याच्या मुलानं परत येऊन लायब्ररीत पोपट पाळले. पुस्तकांच्या पाठीवर अजून खुणा आहेत, आणि त्या पुसायला मनाई आहे, कारण आता त्याही ऐतिहासिक झाल्या. पोपटवाल्याची बायको कोळशाच्या खाणींची वारस. पश्चिमेचा सगळा भाग तिच्या पैशाचा. तिचं चित्र आहे, पण दाराच्या मागच्या भिंतीवर. दार उघडं असलं की दिसत नाही, आणि दार दहा ते पाच उघडंच असतं.

तर नावं बाप्यांची आणि विटा सुनांच्या, असा एकूण प्रकार. मी हे लोकांना सांगत असे. माझ्या खोलीत गर्दी व्हायला लागली. मग एकदा मॅनेजर बाईंनी मला बाजूला घेतलं.

"तुम्ही चौथ्या मालकाला ऐतखाऊ म्हणालात अशी तक्रार आहे."

"मग काय म्हणू?"

"फाइलमध्ये 'कलांचा आश्रयदाता' असं आहे."

मी ते म्हणायला लागले. पण म्हणताना भुवया वर जायच्या, आणि भुवयांबद्दल फाइलमध्ये काही नव्हतं.

फाइलचा शेवट असा होता: शेवटच्या मालकाला वारस नसल्यामुळे घर त्याच्या पुतण्याकडे गेलं आणि पुतण्यानं ते संस्थेला दिलं. हे वाक्य मी दर बुधवारी पंधरा-वीस वेळा म्हणत असे. तेवढंच एक वाक्य मी जसंच्या तसं म्हणत असे, कारण त्यात चिडण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

दर बुधवारी साडेअकराला एक म्हातारी बाई यायच्या. नव्वदीला टेकलेल्या, बुटक्या, हातात काठी, अंगात निळा रेनकोट, मग बाहेर ऊन असो की काही असो. दोराशी दहा मिनिटं उभ्या राहायच्या. चित्रांकडे बघायच्या नाहीत, टेबलाकडे बघायच्या नाहीत. समोरच्या खिडकीत बसायला लाकडी बैठक आहे, गादी घातलेली, तिच्याकडे बघायच्या. माझं भाषण शांतपणे ऐकायच्या, "थँक यू" म्हणायच्या आणि जायच्या.

एखाद्या माणसाशेजारी दहा मिनिटं उभं राहून तो कुठला, कुणाचा, हे न विचारणं म्हणजे आमच्याकडे उद्धटपणा. इथे विचारणं म्हणजे उद्धटपणा. बरीच वर्षं इथे राहून मी मधला मार्ग काढलाय. पहिल्या आठवड्यात हवामान, दुसऱ्यात गुडघा, तिसऱ्यात मुद्दा. महिनाभर मी नुसतं बघत राहिले, मग सुरुवात केली. हवामान झालं. गुडघाही मी चाचपून पाहिला, व्यायाम सांगितले. तिसऱ्या बुधवारी मुद्द्यावर आले. मला विचारायचं होतं, "तुमचं माहेर कुठलं?" इंग्रजीत माहेराला शब्दच नाही. मी विचारलं, "लग्नाआधी तुम्ही कुठल्या घरी होतात?"

"ह्या," त्या म्हणाल्या.

"ह्या गावात?"

"ह्या घरात. ह्याच्याही वरच्या मजल्यावर जन्मले मी. पण दिवसभर इथेच असायची. आई त्या टेबलाशी पत्रं लिहायची आणि मी त्या खिडकीत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "म्हणजे शेवटचे मालक..."

"माझे वडील."

मी गार पडले. दोन महिने मी या बाईंच्या तोंडावर, हातवारे करून, सांगत होते की त्या जन्मल्याच नाहीत.

"अहो, पण फाइलमध्ये लिहिलंय की वारस नव्हता!"

"ते बरोबरच आहे," त्या माझी समजूत घालत म्हणाल्या. "वारस नव्हताच. मी होते."

मग हळूहळू सगळं कळलं. त्या एकोणीस वर्षांच्या असताना वडील गेले. घराण्याचा जुना करार असा, की घर फक्त पुरुषाकडे जायचं. लंडनहून चुलतभाऊ आला तो पडद्यांची मापं घ्यायला टेप घेऊनच. मायलेकींनी एक सूटकेस भरली आणि पाच मैलांवर भाड्याच्या घरात गेल्या. ह्या बाई पुढे शाळेत शिक्षिका झाल्या, जनावरांच्या डॉक्टरशी लग्न केलं, संसार केला. आता नवरा नाही, एकटीनं राहणं झेपत नाही, म्हणून मुलगा त्यांना कार्डिफला आपल्याकडे नेणार होता. महिनाअखेरीस. म्हणजे अजून दोन बुधवार.

"जायच्या आधी एकदा त्या खिडकीत बसायला मिळालं असतं तर बरं वाटलं असतं," त्या म्हणाल्या, आणि लगेच, जणू काही भलतंच मागितलं, "पण नियम आहेत, आणि ते असायलाच हवेत."

"तुम्ही विचारलंत कुणाला?"

"उगाच कशाला गडबड?"

मी अशा लोकांतली आहे जे आधी गडबड करतात आणि मग विचारतात की झालं काय.

घरी येऊन मी पोळ्या लाटता लाटता या देशाचा उद्धार केला. लेकीला घराबाहेर काढतात! सूटकेस देऊन! आणि वर लिहितात, वारस नव्हता! कुठल्या तोंडानं जगाला शहाणपण शिकवतात हे लोक?

हे जेवत होते. शांतपणे म्हणाले, "तू हक्कसोड दिलंस की."

लाटणं हातातच राहिलं. खरं होतं. बाबा गेल्यावर भावानं कागद पाठवला होता. पुण्याच्या घरावरचा माझा हक्क मी राजीखुशीनं सोडत आहे, असा. याच स्वयंपाकघरात, याच ओट्याशी उभं राहून मी सही केली होती. 'बहिणी देतातच' एवढाच विचार केला होता. खरं सांगायचं तर तेवढाही केला नव्हता. त्या दिवाळीला भावानं पैठणी पाठवली तेव्हा मला भरून आलं होतं.

"ते वेगळं," मी म्हणाले.

"असेल," हे म्हणाले आणि आमटी वाढून घेतली. मी त्या रात्री यांच्याशी बोलले नाही, पण राग यांचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजर बाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही. पण म्हणाल्या, त्या गादीचं कापड पेलणार नाही, एकाला बसू दिलं की दुसऱ्याला नाही कसं म्हणायचं, आणि अशा आठवणींसाठी वेगळा फॉर्म आहे, तो समितीपुढे जातो.

"समिती कधी बसते?"

"वसंतात."

"बाई नव्वदीला टेकल्यात."

"मला खरंच वाईट वाटतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना वाटतही असणार. पण वाईट वाटून गादीवर बसता येत नाही.

तेव्हा मी ठरवलं. लेक माहेरून शेवटची निघालीय, तिला रिकाम्या ओटीनं पाठवायचं नाही. तांदूळ, नारळ, खण. आणि ओटी उभ्यानं भरत नाहीत, बसवून भरतात. तोंड पूर्वेला हवं. मॉर्निंग रूमची खिडकी पूर्वेलाच आहे. म्हणजे बसवायचं कुठे, हा प्रश्नच उरला नाही.

अडचण नारळाची होती. मिल्टन कीन्सच्या सुपरमार्केटात मिळतो तो टकला. ओटीला शेंडीचा लागतो. मी लंडनला, ईलिंगच्या देशी दुकानांजवळ राहणाऱ्या लेकीला फोन केला.

"आई, तू म्यूझियममध्ये कोकोनट घेऊन जाणार? आर यू सीरियस? तिथे फूड अलाउड नाहीये ना?"

"तो फोडायचा नाहीये. नुसता द्यायचाय."

"दे विल थ्रो यू आउट! मग तू रडणार, आणि मग तू मला फोन करणार."

"शेंडीचा आण," मी म्हणाले आणि फोन ठेवला. रविवारी आणलाच तिनं. दोन आणले, एक फुटका निघाला तर असावा म्हणून.

यांनी वेगळीच शंका काढली. "पण त्यांचे मिस्टर गेलेत ना?"

"गेले. म्हणून त्यांचं माहेरही गेलं का?" मी इतक्या जोरात म्हणाले की यांनी हातातला पेपर खाली ठेवला. बाबा गेल्यावर माझ्या आईची ओटी भरायला कुणी धजेना. हळदीकुंकवाला बायका तिला बोलवायच्या नाहीत, आणि बोलावलंच तर आतल्या खोलीत बसवून लाडू द्यायच्या. मी भारतात गेले तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर तिची ओटी भरली होती. आत्या अजून माझ्याशी बोलत नाही. ते मला परवडलं.

बुधवार आला. पर्समध्ये डबाभर तांदूळ, हळदीकुंकवाची कुयरी, सुपारी, हिरवा खण, आणि कापडी पिशवीत नारळ. दारावरच्या स्वयंसेवकानं विचारलं, "आज काय आणलंय?" मी म्हणाले, "धार्मिक वस्तू." इंग्रज माणूस या दोन शब्दांपुढे लगेच बाजूला होतो.

साडेअकराला त्या आल्या. रेनकोट तोच. खोलीत तेव्हा फक्त एक जोडपं होतं. मी दोराचा आकडा काढला आणि म्हणाले, "चला."

"नको नको, तुम्हाला त्रास होईल."

"मला त्रास व्हायला आवडतो. चला."

आम्ही दोघी पलीकडे गेलो. पहिल्या पावलाला काही झालं नाही. दुसऱ्याला कुठेतरी पी-पी-पी सुरू झालं. भिंतीत डोळा बसवलेला आहे हे मला माहीत होतं, पण तो फक्त घर बंद असताना चालू असतो असा माझा समज होता. बाई दचकून थांबल्या.

"काही नाही, ते किड्यांसाठी असतं," मी ठोकून दिलं, आणि त्यांना खिडकीत बसवलं.

बसल्या. पाय जमिनीला टेकेनात. दोन्ही हात गादीवर ठेवून त्यांनी बाहेर पाहिलं, तळ्याकडे. मी तोवर पर्स उघडून तांदळाचा डबा बाहेर काढला.

पी-पी ऐकून शेजारच्या खोल्यांतले लोक आत आले होते. दोरापलीकडे चांगली रांग लागली. मी बाईंना रेनकोटाचा खालचा घेर दोन्ही हातांनी धरायला सांगितला, पदरासारखा. कपाळाला हळदकुंकू लावलं. तांदळाची पहिली मूठ घातली. दुसरी घातली.

"हा रोजचा कार्यक्रम आहे का?" एका गृहस्थांनी विचारलं.

"नाही. यांच्या घराचा आहे," मी म्हणाले आणि तिसरी मूठ घातली. लोकांनी मान डोलावली. एकानं फोटो काढला. चौथी, पाचवी, सुपारी, खण, आणि वर नारळ. त्या ओझ्यानं रेनकोट खाली ओढला गेला, तशी बाईंनी घट्ट धरला.

तेवढ्यात मॅनेजर बाई धावत आल्या. आधी दोर पाहिला. मग गादी पाहिली. मग तांदूळ पाहिले आणि त्यांचा रंग उडाला.

"हे धान्य आहे का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"पाच मुठी."

"म्हणजे दाणे किती?"

मला हसू आलं, पण त्यांना येत नव्हतं. भुंगे, अंडी, लोकरीचे गालिचे, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. त्यांनी लोकांना बाहेर काढलं, पी-पी बंद केलं, दार लावलं आणि छापील फॉर्म काढला. दोर ओलांडला गेला की तो भरावाच लागतो. माझा भाग मी लगेच भरला. कारण: ओटी. पुढे खुलाशाला चार ओळी होत्या, त्यात ओटी काही मावली नाही. मग फॉर्म बाईंकडे आला. मांडीतलं सामान मी क्षणभर धरलं. नावाखाली चार चौकोन होते. पाहुणा, स्वयंसेवक, कर्मचारी, कंत्राटदार. एकावर खूण करायची.

बाईंनी ते चारही शब्द वाचले. पुन्हा वाचले. खोल्यांमध्ये शाईला बंदी असल्यामुळे मॅनेजर बाईंनी त्यांना पेन्सिल दिली होती. ती त्यांनी कुठल्याच चौकोनावर टेकवली नाही. चौकोनांच्या खाली, मोकळ्या जागेत, शिक्षिकेच्या गोल अक्षरात त्यांनी लिहिलं: 'मुलगी.' आणि खाली वडिलांचं नाव.

मॅनेजर बाईंनी फॉर्म परत घेतला, वाचला. बराच वेळ वाचला. एका शब्दाला आणि एका नावाला एवढा वेळ लागत नाही. त्यांना हे सगळं मी फोनवर सांगितलेलं होतंच, पण ऐकणं वेगळं आणि ते असं कागदावर समोर येणं वेगळं.

"हे पेन्सिलनं नको," त्या शेवटी म्हणाल्या. "पेन्सिल पुसली जाते. तुम्ही ऑफिसात चला माझ्याबरोबर. तिथे पेनानं लिहा. हे फॉर्म आम्ही टाकत नाही. ते घराच्या कागदपत्रांतच राहतात."

आणि त्यांनी बाईंना उठायला हात दिला. माझ्याकडे पाहिलंही नाही. माझा निकाल लागलाय हे मला कळलं, आणि खरं सांगते, त्याचं मला काही वाटलं नाही.

बाई उठल्या. मी तांदूळ, खण, नारळ परत त्यांच्या रेनकोटात घातले. दाराशी त्या थांबल्या आणि वळून मला विचारलं, "हे मी परत द्यायचं ना?"

"नाही. ते तुमचं. हे घेऊन जायचं असतं इथून."

त्यांनी मांडीएवढ्या उंचीवर धरलेल्या त्या ओझ्याकडे पाहिलं. "इथून मला कधी कुणी काही दिलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

काठी त्यांनी मॅनेजर बाईंकडे दिली. त्या एवढ्या मोठ्या जिन्यावरून, एकेक पायरी बघत, दोन्ही हातांनी रेनकोट घट्ट धरून त्या उतरल्या. मी वरून रडत बघत होते. एक दाणा सांडू दिला नाही त्यांनी.